डावखुऱ्या सख्याचा टाक

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, पुढचा मजकूर वाचताना कोणीही भजी खाऊ नयेत. ठसका लागल्यास मी जबाबदार नाही.

मी शाळामास्तर. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पैजेपायी गावाबाहेरच्या पिंपळाखाली झोपून आलोय... डासांशिवाय कोणी चावलं नाही. पण हे जरा वेगळं आहे.

सख्या म्हणजे माझ्या अक्काचा थोरला, बोरी गावचा. मेंढरं सोडून पलटणीत गेला आणि मोठ्या लढाईत तिकडे इटलीत पडला. वय एकवीस. तार आली, माणूस आला नाही. पोलीस ॲक्शननंतर दोनेक वर्षांनी धाकट्याचं लग्न ठरलं. आमच्यात लढाईत गेलेल्याचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली मूर्ती, आधी देव्हाऱ्यात बसवतात, मग मांडव घालतात. अक्का ऐकेना.

"टाक बसवला की माझं लेकरू गेलं. मी बसू देणार न्हाई."

"आगं, लग्न अडलंय," दाजी म्हणाले.

"अडू द्या. थोरला आला की दोघांचं संगंच करू."

शेवटी मी गुपचूप सेलूच्या एका सोनाराकडे टाक करायला टाकला. घोड्यावर वीर, हातात तलवार. त्याच्याकडे ठसा एकच. पंचक्रोशीतले सगळे वीर त्याच घोड्यावरून येतात.

आणायला गेलो तर सोनार घामाघूम.

"मास्तर, कसं झालं कळंना. वितळवून दुसरा देतो."

टाकातल्या वीराची तलवार डाव्या हातात होती. ठशात पाहिली... उजव्या. त्याच सकाळी काढलेले दुसरे दोन टाक पाहिले... उजव्या. पत्रा उलटा धरला असेल, म्हणाल — तर मागून आकृती खोलगट दिसते. ही चांगली उठावदार होती.

आणि आमचा सख्या पक्का डावखुरा! लिहिणं, जेवणं, गोफण, सगळं डाव्या हातानं. त्यापायी मीच त्याच्यावर तीन छड्या मोडल्यात. सोनाराला तर त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

"वितळवू नका," म्हणालो, आणि टाक फडक्यात गुंडाळून तडक बोरी गाठली.

अक्का ज्वारी पाखडायलेली. फडकं पाहताच ओळखलं तिनं. "परत ने ते."

"एकदा बघ तर."

तिनं पाहिलं. सूप खाली ठेवलं. टाक पदरानं पुसला, पुन्हा पाहिला.

"सोनाराला कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाई, अक्का."

अक्का उठली आणि पुरण शिजायला टाकलं.

याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. सोनारालाही नाही, त्या ठशाला तो अजून हात जोडतो. त्या दिवशी मात्र भावकी जमली, टाक देव्हाऱ्यात बसला, दाजींनी डोळे मिटले. अक्कानं नैवेद्याचं ताट पुढं सरकवलं, टाकाकडं रोखून पाहिलं आणि भरल्या घरात म्हणाली,

"आता तरी उजव्या हातानं जेव, गाढवा. लोक बघायलेत."