किटलीवरचे राघू

दुकानात माझ्या गल्ल्याशेजारी लोकरीची पिशवी कायम असते. गिऱ्हाईक ब्लाउजपीस उलटापालटा करून "शेवटचं कितीला देणार?" विचारायला लागलं की मी सुया हातात घेते. एक ओळ विणून होईपर्यंत उत्तर द्यायचं नाही, हा माझा नियम. पूर्वी मी लगेच उत्तर द्यायचे आणि ते समोरच्या चपलांच्या दुकानात ऐकू जायचं. आता एका ओळीत माझा राग निम्मा उतरतो, आणि गिऱ्हाईकही वाट बघून नरम पडतं.

हे दुकान मला कुणी आंदण दिलेलं नाही. ब्लाउजपिसांचं गाठोडं घेऊन मी एसटीनं कुरुंदवाडच्या बाजाराला जायचे आणि उरलेला माल परतीच्या वाटेवर दारोदार दाखवायचे. अशा आयुष्यात माणूस गोड राहत नाही. पण विणकामात मात्र मी घासाघीस करत नाही. करून बघितली आहे. टाके चार कमी घालू म्हटलं, तर लोकर ऐकत नाही. हातमोज्यात बोट जात नाही आणि सगळं उसवावं लागतं. आयुष्यात मला ‘एकच भाव’ म्हणून गप्प बसवणारी तेवढी लोकरच भेटली.

दुपारी गल्ली पेंगायला लागली की मी चौकटीची वही काढते. लेकीची शाळेतली गणिताची वही. तिनं निम्मीच भरली होती, उरलेली मी भरली. एक चौकट म्हणजे एक टाका. कैरी, चंद्रकोर, रुईफूल, बोरमाळेचे मणी, सगळं आधी त्या वहीत रंगवायचं आणि मग सुईवर घ्यायचं. पहिल्या सात-आठ ओळींत काहीच कळत नाही, नुसते ठिपके दिसतात. मग एका ओळीला अचानक कैरीचं टोक वळतं, आणि दुकानात एकटी असले तरी मी मान वर करून कुणी बघतंय का ते बघते.

थंडीच्या दिवसांत आमचं घर बघण्यासारखं असतं. सगळ्यांची डोकी नक्षीदार. आमचे हे सकाळी स्कूटरवरून डेअरीला जातात, त्यांना मी चंद्रकोरीचे हातमोजे केले. दुसरा मोजा विणताना अंगठा कुठल्या बाजूला घ्यायचा ते चुकलं आणि दोन्ही मोजे डाव्या हाताचे झाले. उसवायला काढले तर हे म्हणाले, राहू दे. उजव्या हातात मोजा उलटा घातला की चंद्रकोर तळव्यावर येते. गेली कितीतरी वर्षं ती नक्षी फक्त दुधाच्या कॅनला दिसते.

एवढं सगळं विणलं त्याच्या मुळाशी एक अपमान आहे, आणि तो मी विसरलेले नाही.

माझा थोरला भाऊ जयसिंगपूरला असतो. तीस-एक वर्षांपूर्वी त्याला मुलगा झाला. बारशाला टोपडं आणायचा मान आत्याचा, बाळाच्या कानात नाव सांगायचाही आत्याचाच. मी नुकतीच विणायला शिकले होते. लाल लोकरीवर हिरव्या राघूंची रांग काढायचं ठरवलं. प्रश्न मापाचा होता. घरात तान्हं मूल नव्हतं. शेजारीण म्हणाली, बाळाचं डोकं नारळाएवढं असतं, नारळावर माप घे.

मी बाजारात गेले. नारळवाल्यानं जो भाव सांगितला त्यावर मी अर्धा तास भांडले. भाव तो कमी करेना, तेव्हा मी म्हटलं, मग त्याच भावात ढिगातला सगळ्यात मोठा नारळ मीच निवडणार. सगळा ढीग उपसून निवडला. त्याचा मला इतका अभिमान वाटत होता की एवढं डोकं घेऊन कुणाचं मूल जन्माला येईल का, हा विचारच मनात आला नाही.

बारशाला ते टोपडं बाळाच्या हनुवटीपर्यंत आलं. नाव सांगायला कान सापडेना, म्हणून काढून बाजूला ठेवलं. मी वाकून कानात ‘कुर्रर्र’ केलं, नाव सांगितलं, बायकांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले. मी वळून बघते तर वैनींनी, म्हणजे बाळाच्या आईनं, माझं टोपडं शेजारच्या चहाच्या किटलीवर चढवलं होतं. तोंडाच्या जागेतून किटलीची तोटी नाकासारखी बाहेर आली होती. खाली नाड्यांची गाठसुद्धा बांधली होती.

"आता बसलं बगा मापात," वैनी म्हणाल्या. "आनि ह्ये काय काडलंय वन्सं, वांगी व्हय?"

सगळ्या बायका हसल्या. बाळंतीण हसते म्हणून पाळण्याची दोरी हलली आणि बाळसुद्धा हसल्यासारखं दिसलं. मी चहा न घेता उठले.

त्यानंतर भाऊबीजेला दादाच माझ्याकडे कोल्हापूरला येत राहिला. मी जयसिंगपूरला गेलेच तर बाहेरच्या सोप्यात बसून परत यायचे. सैपाकघराची पायरी चढले नाही. पण विणायचं थांबवलं नाही. ज्या ज्या ओळखीच्या घरी पाळणा हलला तिथं माझं टोपडं गेलं, आणि कुठल्याही घरात ते कुणाच्या नाकावर आलं नाही. मला हवं होतं एवढंच की एकदा, एकदाच, वैनींनी माझ्या हातच्या कामाला चांगलं म्हणावं. आणि ते चार बायकांत म्हणावं, कारण अपमान चार बायकांत झाला होता.

यंदाच्या जानेवारीत संधी आली. नारळापेक्षा लहान डोक्याचा तो माझा भाचा आता बाप झाला. त्याला बहीण नाही, म्हणजे त्याच्या मुलाला सख्खी आत्या नाही. दादानं फोन केला, आत्याचा मान तूच घे. मी म्हटलं, विचार करून सांगते, आणि फोन ठेवायच्या आधीच लोकरीचा गुंडा शोधायला लागले.

या वेळी मी नारळाच्या वाटेला गेले नाही. वैनींच्या सुनेनं फोनवर माप कळवलं, त्यावर माझा विश्वास बसला नाही. मी एसटीनं जयसिंगपूरला गेले, बाळाच्या डोक्याभोवती दोरा फिरवला, गाठ मारली आणि त्याच पावली परत आले. शिवाय तीस वर्षं डोक्यात घोळवलेली एक युक्ती होती. नाव सांगायला टोपडं काढावं लागलं, तिथंच सगळा घात झाला होता. म्हणून मी या टोपड्याला दोन्ही कानांवर झडपा केल्या. बटण काढलं की झडप वर होणार, कान मोकळा, टोपडं डोक्यावर जागच्या जागी. आणि भोवती पुन्हा राघू. चोच पिवळी, गळ्याला काळी रेघ, पाय दोन. वांगी म्हणायची कुणाची टाप नव्हती.

बारशाला टोपडं असं बसलं की बाळ ते घालूनच जन्माला आलंय असं वाटावं. मी झडप उघडली, नाव सांगितलं, झडप लावली. बायकांत कुजबुज झाली. धपाटे पडले, त्यात वैनींचा कुठला ते मला न बघता कळलं. मी वळून त्यांच्याकडे बघितलं. त्यांना बोलायला जागाच ठेवली नव्हती मी.

तेवढ्यात फोटोवाल्यानं दोन मोठे दिवे लावले. सगळ्यांनी पाळण्याभोवती या, म्हणाला. एक फोटो झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला बाळ तोंड वाकडं करून रडायला लागलं. मी बोट टोपड्याखाली घालून बघितलं तर कपाळ घामानं ओलं होतं. फोटोवाला म्हणाला, आजी, टोपडं सारखं करा, छान दिसतंय. आणखी दोन फोटो निघाले असते तर ते राघू या घराच्या भिंतीवर कायमचे लागले असते, आणि वैनींना रोज येता-जाता ते बघावे लागले असते. मी हा सगळा हिशेब केला. मग नाडी सोडली आणि टोपडं काढून पदरात घेतलं. बाळ गप्प झालं. फोटोवाल्याला मी जे बोलले ते बारशात बोलायचं नव्हतं.

वैनी बघत होत्या. म्हणाल्या, आत या, चहा घ्या. या वेळी मी पायरी चढले.

ओट्यावर किटली होती आणि किटलीवर माझं टोपडं. तेच. लाल रंग विटकरी झालेला, नाड्या नव्या, परकराच्या असाव्यात. एका राघूच्या चोचीपाशी साध्या दोऱ्यानं वेडेवाकडे चार टाके घातलेले. विणता न येणाऱ्या माणसाचं काम. माझं डोकं सणकलं. पण हात आधी टोपड्याकडे गेला. मी कडेनं बोट फिरवत सगळं तपासलं. ती चोच सोडली, तर एवढी वर्षं वाफ आणि साबण खाऊन एकही टाका सुटला नव्हता. राग यावा की अभिमान वाटावा हे ठरेना, आणि दोन्ही एकदम आल्यावर मला खोकलाच आला.

"ह्ये अजून वापरता व्हय?" मी विचारलं.

"रोजच. ह्यात अर्दा तास च्या गरम ऱ्हातो. पर आता मानसं वाढली, मोठी किटली आनल्या. तिला ह्ये बसंना." वैनी चहा ओतत होत्या, माझ्याकडं न बघता. "एक मोठं करून द्या की, वन्सं."

गिऱ्हाईक सापडलं की माझं डोकं थंड होतं. मी म्हटलं, देते. पण त्या दिवशी जे बोललात ते बाहेर सगळ्या बायकांसमोर मागं घ्यायचं, आणि टोपडं चांगलं होतं म्हणायचं.

"समद्या न्हाईत," वैनी म्हणाल्या. "दोगी."

"धा."

"बारसं हाय का सभा? दोगी."

"आठ. आनि मोठ्यांदा."

"तिगी. मदल्या आवाजात. न्हायतर ऱ्हाऊ द्या, मी टॉवेल गुंडाळतो."

बाई थंड डोक्याची होती. गाठोडं घेऊन हिंडले तेवढ्या वर्षांत मला असं माणूस भेटलं नव्हतं. टॉवेल गुंडाळला तर माझ्या हाती काहीच लागणार नव्हतं. मी तिघींवर सौदा पक्का केला.

वैनींनी तिघी आत बोलावल्या. पहिली त्यांची मावशी, जिला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. दुसरी शेजारीण, तिच्या तोंडात लाडू होता. तिसरी सून. मी आक्षेप घेणार होते, पण माणसं कुठली हे मी आधी ठरवून घेतलं नव्हतं. चूक माझीच. सुनेच्या मागोमाग तिचा नवराही, म्हणजे माझा भाचा, चहा मागायला येऊन उभा राहिला.

वैनींनी पदर नीट केला. "त्या येळंला वन्संनी आनलेलं टोपडं चांगलं हुतं," त्या म्हणाल्या. मग भाच्याकडं एक नजर टाकली. "ह्येचं डोस्कं ल्हान हुतं."

भाचा म्हणाला, मी काय केलं. मावशीनं विचारलं, काय म्हणाली? शेजारणीला लाडवाचा ठसका लागला. मी चहा प्यायले. अजून गरम होता.

मग मोठी किटली पुढं ओढली आणि पर्समधला दोरा काढला. पोटाभोवती दोनदा फिरवून माप घेतलं आणि गाठ मारली. वैनी जवळ येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, राघूच काढा.

"वांगी नकोत?"

"राघूच," त्या म्हणाल्या. "पयल्यासारकं."