चिंचेनं उजळलेला सेंट

ही गोष्ट तुम्ही बहुधा ऐकली असेल. आमच्या लंडनमध्ये — ऑन्टारिओतल्या, राणीच्या नव्हे — मराठी मंडळात माझ्या तोंडून ती न ऐकलेला माणूस सापडायचा नाही. पण जी खरी आहे, ती मात्र मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, देवालाही नाही. देवघरासमोर हात जोडून मी हल्ली हवामानाचा विचार करतो.

मी फेकू माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. एकदा ड्राइव्हवे शोव्हल करताना बर्फाखाली मला शेजाऱ्याची हरवलेली गाडी सापडली, रेडिओ चालू असलेली — असलं मी बेधडक सांगतो. लोक हसतात, वाढताना माझ्या पानात पुरी जरा जास्त पडते. यात कुणाचं काय जातं?

तो शेजारी म्हणजे वॉल्टर. निवृत्त, एकटा, आणि एकाच गोष्टीनं झपाटलेला — अमेरिकेचे सुरुवातीचे तांब्याचे सेंट. केस मोकळे सोडलेल्या बाईचा चेहरा असलेली, चांगली हाताला जाणवणारी जाड नाणी. कॅनडात राहून अमेरिकेचं तांबं जमवतो म्हणून नाणी जमवणाऱ्यांच्या क्लबातले त्याला चिडवायचे. तो मऊ ब्रशनं एखादं नाणं झटकायचा, भिंग माझ्या डोळ्याला लावायचा आणि नाणं पाडायच्या ठशाला गेलेल्या तड्याची केसाएवढी खूण दाखवायचा. पहिल्याच दिवशी त्यानं मला बजावलं होतं — तांबं धुवायचं नाही, घासायचं नाही. दोनशे वर्षांत त्यावर चॉकलेटसारखी जी तपकिरी साय धरते, ती एकदा गेली की गेली.

म्हणजे मला माहीत होतं. हे नीट लक्षात ठेवा — मला माहीत होतं.

चर्चच्या बेसमेंटमध्ये क्लब भरायचा. तिथं मी एकदा ठोकून दिलं की आमच्या घरात पोत्यांनी शिवराया होत्या आणि खापरपणजोबा टांकसाळीचे मुख्य. (शिवराई होती. एक. ती आत्यानं नेली.) झालं — माझं भाषण ठरलं. तुमच्या राजाचं तांबं आणि आमचं तांबं. वॉल्टरनं आपला सगळ्यात लाडका सेंट, सतराशे नव्वदच्या दशकातला, रुमालात गुंडाळून माझ्या हवाली केला. मांडून बघ, सवय कर, म्हणाला.

मी तो डायनिंग टेबलावर मांडला. शेजारी माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, नुकतंच चिंचेनं घासलेलं ताम्हन. हिवाळ्यासाठी त्या नागपूरहून आमच्याकडे आल्या होत्या. स्वेटर, त्यावर साडी, खाली माझे मोजे. ताम्हन कसं लखलखत होतं, आणि तो सेंट — कोटाचं तुटलेलं बटण. आपल्याकडे काळं पडलेलं तांबं चारचौघांत नेतात का? आणि मला त्या हॉलमध्ये लोकांचा श्वास अडकवायचा होता. आई आंघोळीला गेल्या होत्या. वाटीत कोळ शिल्लक होता. फक्त कडेला, म्हटलं. अगदी कडेला —

नाणं नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लासारखं गुलाबी झालं. त्या बाईचे केस नागडे दिसायला लागले.

भाषणाच्या दिवशी मला न्यायला वॉल्टर आला तेव्हा आई त्याच्यासाठी चहा घेऊन बाहेर आल्या. त्यानं नाणं खिडकीशी नेलं, भिंग लावलं, भिंग खाली ठेवलं. आणि माझ्या तोंडून, कुठलीही तयारी नसताना, अगदी सराईतपणे आलं — माझ्या सासूनं केलं, तिला कळलं नाही. इंग्रजीतून. त्यांच्यासमोर.

त्यानं नाणं पुन्हा रुमालात गुंडाळलं. मग म्हणाला, तिला सांग, मी रागावलो नाही, तिनं चांगल्या मनानं केलं असणार. मी आईंकडे वळलो आणि मराठीत म्हणालो, "चहा फार छान झालाय म्हणतायत." त्या हसल्या. कप पुन्हा भरायला निघाल्या. वॉल्टरनंही हसून मान हलवली. भाषणाला आम्ही गेलो नाही. पुढे तो मला भेटला की हात करायचा, पण भिंग पुन्हा कधी माझ्या डोळ्याला लावलं नाही.

इथं थांबता आलं असतं. पण संध्याकाळी बायकोनं विचारलं, वॉल्टर इतक्या लवकर कसा गेला. मी तीच गोष्ट तिलाही सांगितली. आसावरी थेट किचनमध्ये गेली. "आई, तुला किती वेळा सांगितलं, इथल्या वस्तूंना विचारल्याशिवाय हात लावू नकोस. आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेव."

आईंनी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. वाटी त्यांची होती. आंघोळीला जाताना तिच्यात कोळ किती होता, हे त्यांना ठाऊक असणारच. मी फ्रीज उघडला. काय शोधत होतो मी फ्रीजमध्ये?

"हो बाई," त्या म्हणाल्या, "माझ्याच हातून झालं."

मग सगळा हिवाळा. बाहेर बर्फ, आत आम्ही. आई चमचा घ्यायलाही विचारायच्या — "मिलिंदराव, हा घेऊ का?" कुत्सितपणे नाही, तसं असतं तर बरं झालं असतं. मी बेसमेंटमध्ये बसून राहायचो, वर त्यांची पावलं ऐकत. सांगायचं रोज ठरवायचो. पण संक्रांतीच्या कार्यक्रमात कुणीतरी म्हणालं, अहो ते सासूबाईंचं नाणं सांगा ना. आणि मी सांगितलं. हातवारे करून. आई पुढच्या रांगेत होत्या. सगळे हसले, त्याही हसल्या. त्यानंतर दर गणपतीत फर्माईश, आणि दर वेळी मी थोडी भर घालायचो.

त्या नागपूरला परतल्या, पुन्हा आल्या नाहीत. व्हिसाचं जमत नाही म्हणायच्या. मागच्या वर्षी गेल्या.

परवा आसावरी कपड्यांच्या घड्या घालता घालता मध्येच थांबली. म्हणाली, "त्या नाण्यावरून मी आईला फार बोलले रे. तेवढंच सलतं."

आणि मी — मी तिच्या हातातला टॉवेल घेतला, त्याची घडी घातली आणि म्हणालो, "जाऊ दे. त्यांनी तुला कधीच माफ केलं असेल."