मोठ्यानं वाचलेलं गणित

मी गाव सोडलं त्या सकाळी आम्हा मासेमारांचा अर्धा ढिवरमोहल्ला नागपूरच्या एसटीजवळ उभा होता. दहावीला गणितात मला पडले तेवढे मार्क मोहल्ल्यात कुणालाच कधी पडले नव्हते, म्हणून मी अकरावी सायन्सला निघाले होते. मायनं झिंग्याच्या चटणीचा डबा पिशवीत कोंबला. बा तलावावरून थेट आला होता, अंगाला माशांचा वास, धोतर ओलं. त्यानं सगळ्यांसमोर मला एकच बजावलं, "तिथी बी असंच मोठ्यानं वाचजो. लाजू नोको."

बिचाऱ्यानं चांगल्या मनानंच सांगितलं. पण त्या सल्ल्यानं माझी जी वाट लागायची ती लागली, आणि आज इतक्या वर्षांनी पुण्यात बसून मी तो फोनवरून निस्तरते आहे. गावात राहिलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांना काही सांगायला नको, त्यांनी आपापल्या वाट्याचा मार खाल्लेलाच आहे.

आमच्याकडे अभ्यासाला अभ्यास म्हणत नाहीत, वाचणं म्हणतात. "पोरगी वाचून राह्यली" म्हणजे पोरगी अभ्यासाला बसली आहे. आणि वाचणं ऐकू आलंच पाहिजे. बा अंगणात जाळं सांधत बसे, माय चुलीपुढे. दोघांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं, तेव्हा पोरगी पुस्तकात आहे की स्वप्नात, हे कळायचा त्यांच्याकडे कानाशिवाय मार्ग नव्हता. आवाज थांबला की बाहेरून प्रश्न येई, "झोपली काय वं?" मग मी इतिहास वाचे, भूगोल वाचे आणि त्याच चालीवर गणितही वाचे. 'समीकरण एकमध्ये एक्स बरोबर तीन ठेवून, म्हणून वाय बरोबर उणे दोन, म्हणून उकल...' गाईडमधली सोडवलेली गणितं आकड्यांसकट तोंडपाठ! शेजारच्या घरातून तेच गणित वेगळ्या सुरात येई, आणि मोहल्ला कौतुकानं ऐकत असे की पोरं गणित करून राह्यले. करत कोणीच नव्हतं, सगळे म्हणत होते.

आमचे गुरुजीही त्यातलेच. वहीत खाडाखोड दिसली की पान फाडायला लावत. त्यामुळे चुकलेलं गणित आमच्या वहीत कधी राहिलंच नाही. मग कुठे चुकलं ते कळणार कसं, डोंबल? बोर्डात नेमकी गाईडातली गणितं पडली आणि मी हुशार ठरले.

नागपूरला पहिल्याच चाचणीत तोंडघशी पडले. गणितं त्याच जातीची, आकडे तेवढे बदललेले, आणि मला पहिली ओळसुद्धा लिहिता येईना. हॉस्टेलवर मोठ्यानं वाचायला लागले की पोरी उशा कानांवर घेत. माझ्या खोलीत घुग्घुसची अलका होती. तिचे बाबा कोळसा खाणीत पाळीनं कामाला, दिवसा झोपणारे. त्यांच्या घरात मोठ्यानं शिंकायची सोय नव्हती, तिथे वाचणं कुठलं! ती लहानपणापासून तोंड मिटून, जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर गणितं करत आली होती. चुकायची, काट मारायची, पुन्हा करायची. मला आधी वाटलं, ही नुसता टाइमपास करते. तिचं बघून मी शिकले खरी, पण फार उशिरा. बारावीला गणित कसंबसं निघालं, इंजिनीअरिंग हुकलं, मुकाट्यानं बी.कॉम. केलं. आता पुण्यात एका विमा कंपनीत क्लेम तपासते. दिवसभर एक्सेल आणि फॉलोअप, संध्याकाळी ट्रॅफिक, रविवारी मॉल. वाईट चाललेलं नाही. पण ते हुकलेलं इंजिनीअरिंग मला अजून सलतं.

आता प्रणाली. माझ्या दादाची पोरगी, यंदा दहावीला. तिला पॉलिटेक्निकला जायचं आहे, तेही इलेक्ट्रिकलला, कारण गावातला ट्रान्सफॉर्मर जळला की येणाऱ्या लाइनमनच्या मागे फिरत हिचं लहानपण गेलं. सराव परीक्षेत तिचं गणित गेलं. दादानं फोनवरच निकाल लावून टाकला, "बोर्डात बी गेलं तं मोहर्लीले पाठवतो. माह्या साडभाऊ हाये तिथी रिसॉर्टात, लावून देईन कामाले. रोज इतकी वाचते, सारा मोहल्ला जागा करते. नशिबातच नाई तं काय करतं?"

नशीब! मी कपाळावर हात मारला. रजा टाकली आणि गावाला गेले. गेल्या गेल्या गाईड पेटीत घातलं, पेटीला कुलूप लावलं, पोरीसमोर कोरे कागद ठेवले आणि सांगितलं, आता तोंड बंद.

झालं! सकाळी आवाज आला नाही म्हणून शेजारच्या कमलाबाई दारात हजर. "पोरीले बरं नाई काय वं?" माय काढा घेऊन आली. दादा पडद्याआडून तीनदा डोकावून गेला. बा तर माझ्याशी बोलेचना, आणि बोलला तेव्हा म्हणाला, "तू आली अन् पोरगी बिघडली. वाचूनच नाई राह्यली ते."

"बा, ते गणित करून राह्यली!" मी ओरडले. पुण्यात शिकलेली मला-तुलाची भाषा रागात कुठच्या कुठे पळते.

"मंग ऐकू येत नाई ते?"

आणि जिच्यासाठी भांडत होते ती पोरगीही कमी नाही. एक ओळ चुकली की कागद चुरगाळून चुलीत. का, तर "आत्या, चुकलेलं कोणी पायलं तं?" सुट्टी संपेपर्यंत डोकं आपटलं, नाकी नऊ आले. पालथ्या घड्यावर पाणी ओतून मी परत निघाले. एसटीत बसल्यावर मी स्वतःशीच म्हटलं, जाऊ दे, मोहर्लीला पाठवा नाहीतर कुठेही पाठवा, माझ्या बाचं काय जातं.

पुढच्या रविवारी प्रणालीचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी तिचं तोंड दिसलंच नाही, कागद दिसला. काट मारलेला, खोडलेला, पुन्हा लिहिलेला, गिचमिड झालेला कागद. तो तिनं चुलीत घातला नव्हता.

"आत्या, मी इथी अटकली. अधिक सात तिकडे नेला का उणे सात होते, हे पाठ हाये मले. पण काऊन होते?"

आमच्या घरात पिढ्यांमध्ये पहिल्यांदा कोणी 'का' हा प्रश्न विचारला होता. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात तिच्या मागून बाचा आवाज आला, "मले बी सांग वं. तू बी तेच म्हणे, हे बी तेच म्हणते. इतके वर्षं ऐकून राह्यलो मी. काऊन होते, ते कोणी सांगतलंच नाई."

म्हणजे बा आमचा नुसता आवाज ऐकत नव्हता तर! शब्द न् शब्द ऐकत होता, आणि पोरीचं वाचणं मोडू नये म्हणून मध्ये बोलत नव्हता. मला रडू आलं. आणि रागही आला, की बाबा रे, तेव्हाच विचारलं असतंस तर!

"बा, मासोळी तोलताना तराजूच्या दोन्ही पारड्यांतून सारखंच काढलं तं काय होते?"

"दांडी सरळच राह्यते."

"मंग इथी बी तेच. इकडून सात काढले तं तिकडून बी काढावं लागते."

प्रणाली खाली वाकली. काट मारली आणि पुढची ओळ लिहायला लागली. बराच वेळ पलीकडून कसलाच आवाज आला नाही, आणि कोणी काढा घेऊन आलं नाही.

बोर्डाची परीक्षा अजून व्हायची आहे. पोरगी पास होईल की नाही मला माहीत नाही. पुण्यात कोणी विचारलं, घर कुठलं, तर मी पूर्वी पत्ता सांगत असे. आता वाटतं, ज्या माणसांवर इतकं चिडूनही फोन उचलल्याशिवाय राहवत नाही, त्यांचं ते घर. रविवार आला की मी मॉलमध्ये जात नाही, कागद-पेन्सिल घेऊन बसते. पडद्यावर प्रणालीच्या खांद्याशेजारी एक पांढरं डोकं येतं आणि विचारतं, "आज कोणतं हाये वं?"