लुईझाची अवेळची घंटा

अर्नाळ्यात लुईझाला कुणी चांगली बाई म्हणत नसे, आणि तिचंही त्यावाचून काही अडत नव्हतं. शाळेच्या व्हरांड्यात रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. तो हातोडीने बडवून तास बदलायचे, फाटकाला कुलूप घालायचं, माठ भरायचे आणि हेडमास्तरांचं बोलणं खायचं, अशी तिची नोकरी. त्यातलं शेवटचं काम तिला आयुष्यात जमलं नाही.

ती स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. चौथीत तिने मास्तरांना पाटी फेकून मारली आणि बापाने तिला दुसऱ्या दिवसापासून बोंबील निवडायला बसवलं. पाटी सगळ्या गावाच्या लक्षात राहिली. पाटीच्या आधी मास्तर भर वर्गात तिच्या आईबद्दल काय बोलले होते, ते कुणाच्याच लक्षात नव्हतं. लुईझाच्या होतं. चाळीस वर्षं झाली तरी होतं.

म्हणून १९९९च्या दिवाळीनंतर आठवीतली रिचेल वर्गातून पळायला लागली, तेव्हा सगळं गाव तोंड सोडून बोलत होतं आणि लुईझा एकटीच गप्प होती.

रिचेल ही ऑगस्टीन तांडेलाची मुलगी. ऑगस्टीनची स्वतःची होडी, हाताखाली चार खलाशी. पोरगी तोवर पहिल्या पाचांत. आणि आता भर तासाला उठायची, विचारायची नाही, सांगायची नाही, कंपाउंडवरून उडी टाकून गायब. अर्ध्या-पाऊण तासाने आपली आपण परत येऊन बाकावर बसायची. छड्या मुकाट खायची. का गेलीस म्हटलं की ओठ शिवल्यासारखे.

तेरा वर्षांची मुलगी पळते म्हटल्यावर लोकांना विचार करायची गरज उरते का? "कोनतरी पोरगा हाय," नळावरच्या बायांनी ठरवून टाकलं. कोण पोरगा, ते आठवड्याला बदलत होतं. दुसऱ्या आळीचं म्हणणं वेगळं. पोरगी आठ-आठ दिवस गाईसारखी असते आणि पुनव-अमावास्या आली की बिथरते, म्हणजे बाहेरचं आहे. हिंदू शेजारणीने लिंबू उतरवलं, चर्चमधल्या बायांनी नऊ दिवसांच्या प्रार्थनेची नोव्हेना धरली. बापाने जाळ्याच्या दोरीने पाठ सोलली. पोरगी पळायची थांबली नाही.

जानेवारीतल्या अमावास्येला, ठीक बारा वाजता, हेडमास्तर सदानंद सरांनी तिला फाटकातच धरलं. सर विरारच्या फ्लॅटमधून स्कूटरने येणारे, अंगाने दणकट, शिस्तीचे भोक्ते. रिचेलने त्यांच्या मनगटाचा असा चावा घेतला की रक्त आलं.

"परवा शनिवारी बापाला बोलवा," पट्टी बांधून घेताना सर म्हणाले. "दाखला हातात देतो. असली मुलगी माझ्या शाळेत नको."

"आनि मग ती कुठं जाईल?" लुईझाने विचारलं.

"तू घंटा वाजव."

दाखला मिळाला की काय होणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ऑगस्टीनने गावभर सांगितलं होतं: शाळेने हाकलली तर पोरगी बोंबील वाळवायच्या वलांडीवर, आणि दोन वर्षांत लग्न. तेच बांबू, तीच सुकवणी. लुईझाच्या बोटांना त्या माशांचे काटे अजून आठवत होते.

त्या संध्याकाळी कपाट लावताना तिने वर्तनाची नोंदवही उघडली. शिपायाने ती उघडायची नसते. उघडली. बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत वाचली. २४ नोव्हेंबर, साडेबारा, गणित. २५ नोव्हेंबर, सव्वा, इतिहास. २६ नोव्हेंबर, दोन, पी.टी. मग कितीतरी दिवस कोरे. ८ डिसेंबर, बारा. ९ डिसेंबर, पाऊण. १० डिसेंबर, दीड. पुढे पुन्हा कोरं. प्रत्येक नोंदीखाली सरांची सही आणि शेरा: उद्धट. बेशिस्त. लहरी.

लहरी? लुईझाला हसू आलं आणि मग स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली. रोज पाऊण तास पुढे. पुनव-अमावास्येला भर दुपारी सुरू, अष्टमी आली की बंद. ही कुणाची लहर? ही भरती होती. उधाणाच्या जोरात होड्या डोल जाळ्यांवर जातात आणि भरतीच्या पाण्यावर किनाऱ्याला लागतात. अष्टमीला पाण्याची ओढ सरली, भांगाची मंद भरती लागली, की होड्या वाळूत आडव्या. गावातलं शेंबडं पोरही हे सांगेल. पण गावाने नोंदवही पाहिली नव्हती आणि नोंदवही लिहिणाऱ्याने समुद्राकडे पाठ करून खुर्ची मांडली होती. गावाला पुनव दिसली तर तिथे भूत दिसलं; त्याच पुनवेच्या हिशेबाने जाळं टाकणाऱ्यांना पाणी दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ती हिशेबाने साडेबारालाच किनाऱ्यावर जाऊन वलांडीच्या आडोशाला उभी राहिली. फाटक तिने मुद्दाम उघडं ठेवलं होतं. पाऊण वाजता रिचेल धापा टाकत आली. कुठला पोरगा, कसलं भूत. पोरगी बांबूला धरून उभी राहिली आणि बापाची होडी वळल्यावर ओठ हलवत एकेक बोट मिटू लागली. एक, दोन, तीन. एक खलाशी शिडामागे होता. तो दिसेपर्यंत तिने श्वास घेतला नाही. मग पाचवं बोट मिटलं आणि ती मागे फिरली.

समोर लुईझा.

"सांगशील आता," रिचेल म्हणाली. "सांग. मारतील, दुसरं काय."

"काय मोजत होतीस?"

"मानसं."

"बाप सांगतो ना घरी आल्यावर, सगळे आले म्हनून."

"मामा कुवेतला गेला, हे पन त्यानंच सांगितलं होतं."

युजीनमामा, रिचेलच्या आईचा धाकटा भाऊ, आदल्या फेब्रुवारीत याच होडीवरून डोल ओढताना पाण्यात गेला. पोरीला त्याचा भारी लळा. म्हणून सगळ्यांनी मिळून तिला भुईगावला मावशीकडे धाडलं, प्रेत मिळालं ते पुरलं आणि पोरगी परत आल्यावर सांगितलं, कुवेतला नोकरी लागली. लहान पोरांना मरण सांगू नये म्हणतात. लुईझाही तेव्हा त्यांतलीच होती. पोरीने विचारलं तेव्हा तीही म्हणाली होती, हो, विमानाने गेला.

"तुला कधी कळलं?"

"नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या दिवशी. फुलं ठेवायला गेलो होतो शाळेतल्या पोरी. नवीन क्रूस दिसला, नाव वाचलं." पोरगी तिच्याकडे सरळ बघत म्हणाली, "तू पन खोटं बोललीस, मावशी."

"बोलले," लुईझा म्हणाली. "चल, तास बुडतोय."

शनिवारी ऑफिसात ऑगस्टीन टोपी हातात घेऊन उभा होता. दाखला टेबलावर तयार. रिचेल भिंतीला टेकलेली. लुईझा चहा घेऊन आली, कप ठेवला आणि गेली नाही.

"बाहेर," सर म्हणाले.

"वही त्याला दाखवा."

"ही गोपनीय नोंद आहे. शिपायाचा संबंध काय?"

"मंग कोनाचा हाय? तुम्ही दोन महिने लिवलं आनि एकदा वाचलं नाय." तिने वही ओढून ऑगस्टीनसमोर आपटली. "तू तांडेल ना? दिवस वाच आनि वेळ वाच. बाकी सोड, ती घान हाय."

"माझ्या घरात तोंड घालू नको, लुईझा."

"तुझ्या घरात तोंडच नाय कोनाला. वाच."

ऑगस्टीनने वाचलं. पहिल्या तीन ओळी रागात. चौथीवर त्याचा अंगठा थांबला. ओठ हलले, तो तिथी मोजत होता, आयुष्यभर मोजली तशी. मग त्याने वर पाहिलं नाही.

"ही माझी होडी लागायची वेळ हाय," तो म्हणाला.

"काय बोलताय तुम्ही?" सरांनी विचारलं.

"मामा कुठं हाय?" रिचेलने भिंतीजवळूनच विचारलं.

ऑगस्टीनने टोपी या हातातून त्या हातात घेतली. दरवाजाकडे बघितलं. तिथे लुईझा आडवी उभी होती.

"मेला," तो म्हणाला. "माझ्या हातातून सुटला. मी धरला होता, बाय. सुटला."

सदानंद सरांना त्या खोलीत काय घडलं ते शेवटपर्यंत नीट उमगलं नाही. त्यांच्या मनगटावर पट्टी होती आणि चावा तर खराच होता. माफीपत्र घेऊन, एक महिन्याची मुदत देऊन त्यांनी दाखला खणात टाकला. "पुन्हा एकदा बाहेर गेली, तर खण उघडेन."

"ती बसेल. पन तिला कळायला पायजे," लुईझा म्हणाली.

"ते तुमचं तुम्ही बघा."

बघितलं. पुढच्या उधाणापासून ऑगस्टीनची होडी वाळूला लागली आणि पाचही जण उतरले, की एक खलाशी उंच वलांडीवर लाल फडकं चढवी. शाळेच्या व्हरांड्यातून ते दिसे. लुईझा हातोडी घेई आणि रुळावर एकच ठोका देई. कधी गणिताच्या मध्यात, कधी मराठीच्या. पोरं चुळबुळत, शिक्षक घड्याळं बघत. रिचेल दुसऱ्या बाकावर, खिडकीपासून लांब. पहिल्या दिवशी ठोका पडेपर्यंत तिने बाकाची कड इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली. पण उठली नाही. पाच वाजेपर्यंत बसली.

चौथ्या दिवशी लुईझाला मेमो मिळाला. वेळापत्रकाबाहेर घंटा दिल्याबद्दल लेखी खुलासा करावा, अन्यथा पगार कापण्यात येईल.

तिने रिचेलकडून पेन मागून घेतलं आणि मेमोच्या पाठीवर, चौथीत सुटलेल्या अक्षरात, लिहिलं: होडी लागली. पाच गेले, पाच आले. उद्या सव्वा तीनला पुन्हा वाजेल.