सव्वीस नंबरचा टॉवर

पट्टीकाकांचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठेच वापरात नव्हतं. शर्टाच्या खिशात सदैव सहा इंची स्टीलची पट्टी, म्हणून ते पट्टीकाका. वीज खात्याच्या नियोजन शाखेत ते आरेखक होते. म्हणजे इंजिनिअर मंडळी तोंडाने बोलतील त्या लाइनी कागदावर काढून द्यायच्या. उच्च दाबाची तार कुठून निघणार, कुठल्या टेकडीला वळसा घालणार, कुठल्या सबस्टेशनात उतरणार, हे सगळं आधी त्यांच्या टेबलावर घडायचं. मग तीन सरकारांच्या मनात आलंच, तर जमिनीवर.

तीन सरकारं कशाला, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं. नियम असा होता की तार आपल्याच प्रांतात निघून आपल्याच प्रांतात संपत असेल तर तिचं नियोजन प्रांताने करायचं. तिने हद्द ओलांडली, मग ती हातभर का ओलांडलेली असेना, की ती वरच्या सरकारच्या अखत्यारीत गेली. शिवाय जिथे तिने पाय ठेवला त्या शेजारच्या प्रांताची संमतीही आली. कागदावर नियम मोठा शहाणा दिसतो. पण जे काम तिघांचं ते कुणाचंच नाही, हे ज्याने एकत्र कुटुंबातला गळका नळ पाहिलाय त्याला मी वेगळं काय सांगू.

अशीच एक तार अकरा वर्षं अडकून पडली होती, आणि नेमकी तीच तार पट्टीकाकांच्या थोरल्या बहिणीच्या गावाला जायची होती.

ताई हद्दीलगतच्या त्या लहानशा गावात पिठाची गिरणी चालवायची. मेहुणे गेल्यावर लोकांनी तिला गिरणी विकायचा सल्ला दिला, तेव्हा तिने सल्ला देणाऱ्यांचीच दळणं आधी दळून दिली आणि म्हणाली, "पीठ घेऊन जा, बाकीचं मी बघते." पण गावाला येणारी जुनी तार शेवटच्या टोकाची, मरतुकडी. दुपारी दिवा लावला तर तो लागलाय की नाही हे बघायला दुसरा दिवा लागावा. सकाळी दहापर्यंत गिरणी बरी चालायची, पुढे मोटर नुसती घुमायची आणि जातं जागचं हलायचं नाही. बाहेर बाकावर डबे घेऊन बायका बसलेल्या, आणि आत ताई त्यांना दिलासा देतेय, "माझा भाऊ वीज खात्यात आहे. खटपट चाललीय त्याची."

भावाची खटपट म्हणजे दर महिन्याच्या भेटीत एकच वाक्य. "प्लॅनमध्ये आहे, ताई."

ते खोटं नव्हतं. तार प्लॅनमध्ये होतीच. दर वर्षी तीन सरकारांची संयुक्त बैठक व्हायची, दर वर्षी हा विषय यायचा आणि पुढच्या वर्षावर जायचा. यादीत शेवटच्या रकान्यात 'जबाबदारी' असं छापलेलं असे, आणि त्याखाली अकराही वर्षं 'संबंधित यंत्रणा' एवढंच. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, पण ती म्हण काढणाऱ्याचं काम बहुधा एकाच सरकारकडे असावं.

यंदा मात्र ताईने निर्वाणीचं सांगितलं. तिच्या मुलाने मोठ्या शहरात घर घेतलं होतं आणि आईला घेऊन जाण्याचा त्याने धोशा लावला होता. गिरणीचं यंत्र उचलायला माणूसही ठरवून ठेवला होता त्याने.

"मला जायचं नाही," ताई म्हणाली. "त्याच्या सातव्या मजल्यावर बसून मी करू काय? लिफ्ट किती वेळा वर आली ते मोजू? पण बंद मोटरीपुढे बसून तरी किती दिवस काढू? हे बघ, महिनाअखेरपर्यंत मला लेखी काहीतरी आण. आणलंस तर राहते. नाहीतर गिरणी गेली."

"आणतो," पट्टीकाका म्हणाले, आणि घरी येईपर्यंत बोटांवर दिवस मोजत राहिले. कारण त्याच महिनाअखेरीला ते स्वतः निवृत्त होणार होते. त्याच महिन्यात बैठक होती, आणि यंदा न सुटलेले विषय यादीतून कायमचे गळणार होते. गिरणी वाचवायची ही एकच संधी होती.

आता घोडं नक्की अडलंय कुठे, हे अकरा वर्षांत कुणी पाहिलंच नव्हतं. दर वर्षी जुन्या नकाशाची झेरॉक्स निघे, वरचं पत्र तेवढं नव्या तारखेचं. पट्टीकाकांनी पहिल्यांदाच तळघरातल्या कपाटातून मूळ नकाशा काढला, धूळ झटकून टेबलावर पसरला आणि पट्टी लावून टॉवर मोजायला बसले.

हद्द म्हणजे नदी. तार नदीच्या अलीकडच्या काठाने, आपल्या प्रांतातून चाललेली. पंचवीसपर्यंत सगळे टॉवर अलीकडे. सत्तावीसपासून पुन्हा सगळे अलीकडे. पण मध्ये नदीने कोपर मारलं होतं. नदी वळली, रेघ वळली नाही. सव्वीस नंबरचा टॉवर कागदावर पलीकडच्या प्रांतात उभा होता, एकटाच.

एवढ्याशा त्या टॉवरने तीन सरकारं कामाला लावली होती. आपला प्रांत म्हणे, हद्द ओलांडली, ही वरची लाइन. वरचं सरकार म्हणे, तुमच्याच गावातून निघते, तुमच्याच गावात संपते, ही तुमची लाइन. पलीकडचा प्रांत म्हणे, टॉवर आमच्याकडे आणि वीज तुमच्याकडे, आम्ही संमती का द्यावी?

नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'आरेखन', आणि पुढे सही. पट्टीकाकांनी चष्मा पुसून पाहिली. सही त्यांचीच होती.

मग त्यांना सगळं आठवलं. तेव्हाचे साहेब सरळ रेघेचे मोठे भक्त. तारेला वळण दिसलं की त्यांच्या कपाळाला आठी. पट्टीकाकांनी पट्टी ठेवली आणि एका दमात रेघ मारली. नदीची फिकट निळी ओळ रेघेखाली गेलेली त्यांना दिसलीही होती. 'वरती कुणीतरी बघेलच,' असं मनाशी म्हणून त्यांनी कागद पुढे सरकवला. वरती चार जणांनी 'तपासले' म्हणून सह्या ठोकल्या, खालच्याने बघितलंच असेल या भरवशावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्यांनी आयुष्यात शंभरदा दुसऱ्यांना ऐकवली असेल. त्या दिवशी ती टेबलाच्या पलीकडून त्यांच्याकडेच बघत बसली. त्यांना इतकी लाज वाटली की चहावाला दोनदा येऊन गेला तरी त्यांनी मान वर केली नाही.

दुरुस्ती सोपी होती. तारेला दोन वळणं द्यायची, सव्वीस नंबर अलीकडच्या काठावर घ्यायचा. म्हणजे सगळी तार प्रांताची, आणि प्रांताला ती एकट्याला मंजूर करता येणार. नवा नकाशा काढून ते सध्याच्या साहेबांकडे गेले.

साहेबांनी नकाशा पाहिला, दार लावलं आणि खुर्ची पुढे केली. "काका, हा असा बदलता येत नाही. जुना नकाशा तिन्ही सरकारांच्या फायलीत लागलाय. बदलायचा तर तिघांची मान्यता हवी, आणि बदलाचं कारण लिहायला हवं."

"मग 'तांत्रिक कारण' लिहू."

"मागे एकदा लिहिलं होतं दुसऱ्या एका विषयात. वरून विचारणा आली, तांत्रिक म्हणजे काय ते कळवा. त्याला आता चार वर्षं झाली. अजून कळवतोच आहोत."

"मग खरं लिहू. आरेखकाची चूक."

साहेबांनी पेपरवेट फिरवून जागेवर ठेवला. माणूस वाईट नव्हता. "तुमच्या निवृत्तीला दिवस किती उरलेत?"

"अठरा."

"अठरा दिवसांसाठी पायावर धोंडा कशाला पाडून घेता? गप्प बसा, हार घाला, घरी जा."

पट्टीकाका गप्प बसले, पण ते सकाळपर्यंतच. रात्रभर नाही म्हटलं तरी चौदा वेळा बायकोने विचारलं, "काय होतंय?" आणि चौदाही वेळा त्यांनी "काही नाही" म्हटलं. सकाळी तिने चहा पुढे ठेवत विचारलं, "ताईंचं काही आहे का?" तेव्हा मात्र त्यांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग बोलून टाका. नोकरीभर दुसऱ्यांच्या रेघा काढल्यात, ही एक तरी स्वतःच्या नावावर घ्या."

बैठक लांबच लांब टेबलाभोवती भरली. एका टोकाला वरच्या सरकारचे मुख्य अभियंता, उजवीकडे आपले साहेब, डावीकडे पलीकडच्या प्रांताच्या इंजिनिअर बाई. पट्टीकाका भिंतीलगतच्या खुर्चीवर, मांडीवर नकाशाची गुंडाळी. पहिला तास मागच्या बैठकीत काय ठरलं यावर एकमत होण्यात गेला. काहीच ठरलं नव्हतं, तरीही तास लागला. मग चौदावा विषय आला, ताईच्या गावची तार.

"नियम स्पष्ट आहे. हद्द ओलांडते, म्हणजे वरची," आपले साहेब म्हणाले.

"एवढ्याशा लाइनीत आम्ही हात घातला तर उद्या लोक बल्ब बदलायलाही आम्हालाच बोलावतील," मुख्य अभियंता म्हणाले.

"आणि माझ्या लोकांना मी काय सांगू?" बाई म्हणाल्या. "वीज पलीकडे जातेय, तुम्ही टॉवरच्या सावलीत बसा?"

मुख्य अभियंत्यांनी घड्याळ पाहिलं. "म्हणजे हा विषय यादीतून..."

"साहेब," पट्टीकाका उभे राहिले. "ती रेघ मी मारली. नदीचं वळण मला दिसलं होतं, तरी मारली. चूक माझी आहे." आणि त्यांनी नवा नकाशा टेबलावर उलगडला.

इतक्या वर्षांत त्या टेबलावर 'चूक माझी' हे शब्द कुणी उच्चारले नव्हते; ते ऐकल्यावर काय करायचं असतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाई आधी सावरल्या. "म्हणजे चूक आमच्या प्रांताची नाही?"

"नाही, बाई."

"आणि आमच्याकडचीही नाही?" मुख्य अभियंत्यांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"त्या वेळी मी या पदावर नव्हतो," आपले साहेब छताकडे बघत म्हणाले.

जुन्या नकाशावर 'तपासले' म्हणून चार सह्या आहेत, हे पट्टीकाकांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. त्या चार सह्यांची चौकशी निघाली असती तर आणखी अकरा वर्षं सहज गेली असती. दहा मिनिटांत तिन्ही सरकारांनी नव्या नकाशावर सह्या केल्या, आणि तार प्रांताची म्हणून तिथेच मंजूर झाली. इतिवृत्तात 'सदर चूक आरेखकाची असून तिन्ही सरकारांपैकी कोणाचाही तिच्याशी संबंध नाही' हे वाक्य आलं, आणि तिघांपैकी कुणीही त्यात स्वल्पविरामसुद्धा बदलला नाही. दुसऱ्या दिवशी पट्टीकाकांच्या टेबलावर 'कारणे दाखवा' नोटीस आली. निवृत्तीचा हार रद्द झाला.

इतिवृत्ताची प्रत घेऊन ते बसने ताईच्या गावी गेले. अकरा वाजले होते, मोटर घुमत होती, ताई डोक्याला हात लावून स्टुलावर बसली होती. ती मंजुरीची ओळ वाचेल आणि खूश होईल, असा त्यांचा हिशेब. पण ताईने कागद अथपासून इतिपर्यंत वाचला.

"आरेखक म्हणजे तूच ना?"

"हो."

"अकरा वर्षं मी गावाला सांगत आले, भाऊ खटपट करतोय. कुणाविरुद्ध करत होतास रे? स्वतःच्याच?"

"मला गेल्याच पंधरवड्यात कळलं, ताई. खरंच सांगतो. बघायला हवं होतं, ते बघितलं नाही."

ताईने मोटरचा खटका बंद केला आणि त्यांच्याकडे पाठ करून पिठाची चाळण झाडत बसली. तिला राग आला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे वाईट वाटलं होतं. पट्टीकाका बाकावर पाय जुळवून बसून राहिले.

"तार कधी येईल?" पाठमोरीनेच तिने विचारलं.

"टॉवर उभे राहायला दोन वर्षं."

"लेखी?"

"तिन्ही सरकारांच्या सह्यांनिशी."

तिने मुलाला फोन लावला. "मी येत नाही," एवढंच बोलून ठेवून दिला. मग भावाकडे वळली. "एक तारखेपासून तू रिकामाच ना? रोज सकाळच्या बसने इथे यायचं. मोटर बसली की लोक मला विचारतात, का बंद, का बंद. आता तू सांगायचंस."

एक तारखेला पट्टीकाका गिरणीत हजर. दहा वाजून गेले, मोटर बसली. डबा घेऊन बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "आज काय झालं आणखी?"

"त्याचं असं आहे, आजी," पट्टीकाकांनी सवयीने सुरुवात केली, "या तारेचं नियोजन तीन यंत्रणांकडे..."

आतून ताई खाकरली.

"माझी चूक झाली," पट्टीकाका म्हणाले. "तार मी चुकीची काढली होती. आता दुरुस्त केलीय. दोन वर्षांत येईल."

म्हाताऱ्या बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग दाराशी गेल्या आणि बाहेरच्या बाकांकडे तोंड करून म्हणाल्या, "या गं सगळ्या इकडे. सापडला एकदाचा."

सात-आठ बायका डब्यांसकट आत आल्या. पट्टीकाका उठून उभे राहिले; पळावं असं त्यांना मनापासून वाटलं, पण दारच भरलं होतं. तेवढ्यात ताई हात पुसत आतून आली आणि त्यांच्या शेजारी खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

"एकेकीने बोला," ती म्हणाली. "भाऊ आहे तो माझा."