टेलस्टॉकखालची वीतभर जागा

निवृत्तीनंतर माणसं तीर्थाला जातात. मी मुरबाडच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून लोखंड कातायचा जुना लेथ उचलला आणि टेम्पोत घालून शहापूरला आणला. जन्म शाळेच्या कारकुनीत गेलेला, लोखंडाशी संबंध पंचिंग मशीनपुरता. पण रिकामं बसलं की माझ्या अंगाला मुंग्या येतात.

त्याच लेथवर तीस वर्षं काम केलेले टर्नर खर्डीला राहतात. त्यांना गाठलं. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेलेली. येऊन त्यांनी हातानंच मशीन चाचपलं आणि बजावलं, "डिझेलनं धुवा, तेल सोडा. बेडला हात नका लावू. मी खंडेनवमीला येतो, तवा बघू." बेड म्हणजे ज्या लांब पट्ट्यांवरून बाकीचे भाग सरकतात तो पाया.

खंडेनवमीला नऊ दिवस होते. मी तीन दिवस धीर धरला.

धुतल्यावर बेडवर बारीक, कोयरीसारखे ओरखडे दिसले, शेकड्यांनी. पूजेला मशीन असं खरबरीत मांडायचं? मी पॉलिशपेपर आणला. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," बायको आतून म्हणाली. चहा निवला, जेवण निवलं, मी घासतच होतो. दोन दिवसांत बेड लखलखला. मागचा टेलस्टॉक, म्हणजे कातायच्या तुकड्याला मागून आधार देणारा सरकता ठोकळा, गंजून जागीच बसला होता, म्हणून त्याच्याखालचं तेवढं सोडून दिलं. तो सोडवत बसायला दम कुणाला होता!

नवमीला टर्नर आले. बोटं बेडवरून फिरली, थांबली, परत फिरली.

"ओरखडे होते, सगळे काढले," मी ऐटीत सांगितलं.

"ओरखडे नाय भाऊ. मी हातानं स्क्रॅपिंग केलेला. दोन म्हैने लागले. त्या खाचांत तेल ऱ्हातं. आता मशीन चालंल, पण मापात काम नाय देणार."

"परत करता येईल ना?"

"येईल. पण मला नाय दिसत आता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते चिडलेसुद्धा नाहीत, त्याचाच मला राग आला.

मग त्यांनी टेलस्टॉक चाचपला. "हा हलवला का?"

"हललाच नाही."

"मंग याच्याखाली हाय." त्यांनी तिथंच हळदकुंकू लावलं. मी पाना घ्यायला धावलो, तर म्हणाले, "आज हत्यार उचलायचा नाय." पिशवीतून खाचा पाडायचा स्वतःचा स्क्रॅपर काढून त्यांनी पूजेत ठेवला, आणि जाताना नेला नाही.

पंधरा दिवस तेल सोडल्यावर टेलस्टॉक सरकला. खाली वीतभर जागेत त्यांच्या हातच्या खुणा जशाच्या तशा होत्या. त्या बघून बघून मी आता स्क्रॅपर चालवतो. वर्षभरात माझी चार बोटं जागा झाली आहे. त्यांचं वय झालंय. त्यांची बोटं चालतात तोवर हे जुळायला हवं, म्हणून मला घाई आहे, आणि घाई केली की हात घसरतो.

परवा ते आले. आधी स्वतःच्या जागेवर बोट ठेवलं, मग माझ्या, मग पुन्हा स्वतःच्या. "अजून नाय," म्हणाले. पण बोट या खेपेला माझ्या जागेवर जरा जास्त वेळ थांबलं होतं.