बर्फाची काच आणि सत्काराची शाल

संकटात माणसाला आपली माती आठवते, असं सत्काराच्या भाषणांत सांगतात. परवा आमच्या गावी, रिह्यात, सत्कारात गळ्यात पडलेल्या शालीला डांबरगोळ्यांचा वास आला आणि मला परदेशात वैमानिक व्हायला शिकताना चालवलेलं छोटं विमान आठवलं. ढगातून खाली येताना समोरची काच बर्फानं पांढरी झाली. धावपट्टी जवळ येत होती, पण दिसत नव्हती. मला माती आठवली नाही. निघताना गावानं दिलेली शाल थंडीसाठी गळ्यात होती, ती ओढून मी काच घासत सुटलो. “अरे शहाण्या, बर्फ बाहेरून आहे!” शेजारचे प्रशिक्षक ओरडले, ते मूळचे आमच्याकडच्याच भूगावचे, म्हणून मराठीत. “विमान तिरकं कर, बाजूच्या खिडकीतून बघ!” वाकड्या मानेनं मी कसाबसा उतरलो. परवा माईकवर चुलते म्हणाले, “आमच्या पोरानं इमानाच्या बाहेर जाऊन काच पुसली हाय!” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.